संदेशाचा रकाना

पडदा काळा असतानाच घणाचा आवाज येतो. लोखंडावर घण पडतोय, थांबतोय, पुन्हा पडतोय. मग उजेड होतो आणि दिसतं की इचलकरंजीतल्या एका शेडमध्ये दोन हमाल यंत्रमाग फोडताहेत. फणी, वही, बीम असे मागाचे भाग आधीच सुटे करून भिंतीला लावलेले. राहिलेली बिडाची चौकट फुटत नाही म्हणून एक हमाल घण खाली ठेवतो आणि तळहात शर्टाला पुसतो. भंगारवाला बाहेर टेम्पोजवळ वजनाचे आकडे वहीत लिहितोय. मागाचा मालक कोपऱ्यात उभा आहे. मालक म्हणजे काय, तर चार मागांचा धनी, दुसऱ्याच्या सुतावर मजुरीनं कापड विणून देणारा. तो खाली वाकतो, कचऱ्यातला एक धोटा, मागात आडवं सूत नेणारा, उचलतो आणि पिशवीत टाकतो. वर्षानुवर्षं हात लागून गुळगुळीत झालेलं ते लाकूड कॅमेरा काही क्षण जवळून दाखवतो. पहिली चार मिनिटं एकही संवाद नाही.

अठरा मिनिटांचा हा लघुपट कोल्हापूरच्या पाच-सहा पोरांनी पदरमोड करून केला. कॅमेरा लग्नाचं शूटिंग करणाऱ्या मित्राचा, लाइट मांडववाल्याकडून, जेवण एकाच्या घरून. मी तो पहिल्यांदा लॅपटॉपवर पाहिला, शाहूपुरीतल्या एका खोलीत, पंखा बंद करून, कारण पंख्याच्या आवाजात संवाद नीट कळत नव्हते. तेव्हा त्याचा शेवट वेगळा होता. महिन्याभरानं तोच लघुपट मी एका स्पर्धेत मोठ्या पडद्यावर पाहिला. तेव्हा शेवट बदललेला होता. या लेखाला कारण झालं ते या दोन शेवटांमधलं अंतर.

मधला भाग दोन्हींत सारखाच आहे. माग गेल्यावरही माणूस रोज सकाळी डबा घेऊन निघतो. घरी सांगितलेलं नाही. रिकाम्या शेडमध्ये शटर अर्धं ओढून बसतो. जमिनीवर चार मागांच्या चार चौकोनी खुणा आहेत, कडेनं तेल मुरलेलं, भोवती कापसाची पिंज. एका दुपारी तो त्यातल्याच एका चौकोनात आडवा होतो, पाय जवळ घेऊन, बरोबर मागाएवढ्या जागेत. काही बोलत नाही, रडत नाही. हताश झालेल्या माणसाचं इतकं खरं चित्र मी मोठ्या चित्रपटांतही क्वचित पाहिलं आहे. तो जीव द्यायच्या विचारापर्यंत पोचला आहे हे सांगायला पोरांना दोर, विष, पाणी यातलं काहीच दाखवावं लागलं नाही.

आता पहिला शेवट. बायकोनं मायक्रोफायनान्सच्या गटातून कर्ज उचललेलं आहे. हप्ता आठवड्याला, आणि गटाचा कायदा असा की एकीनं नाही भरला तर बाकीच्यांनी भरायचा. हप्त्याच्या दिवशी गटातल्या चौघी दारात येतात. माणूस आतल्या खोलीत पडद्यामागं उभा आहे, आता आपल्या बायकोचा पाणउतारा होणार म्हणून. चौघीतली वडीलधारी बाई चप्पल काढून आत येते, खाली बसते आणि म्हणते, "तुझा हप्ता आमी चौघींनी वाटून भरलाय. आता चा ठेव. आनि त्यास्नी भायेर बोलीव, आत काय दडून बसल्यात?" माणूस बाहेर येतो. कुठं बसावं कळत नाही म्हणून स्वयंपाकघरात जातो, चहा गाळतो, कप मांडतो. घरात सहा माणसं आणि कप पाचच. स्वतःचा चहा तो स्टीलच्या वाटीत ओततो आणि सगळ्यांबरोबर येऊन बसतो. इथं लघुपट संपतो.

स्पर्धेतल्या शेवटात या बाया नाहीत. शेडमध्ये आडव्या पडलेल्या माणसाला भिंतीवर चढणारी मुंगी दिसते. मुंगी पडते, परत चढते. बासरी सुरू होते. पहाट होते, माणूस दाढी करतो, आरशात बघून हसतो, आणि पुढच्याच दृश्यात स्वतःच्या वडापावच्या गाडीवर उभा. मग काळा पडदा आणि पांढऱ्या अक्षरांत तीन ओळी: हरू नका, स्वतःला ओळखा, बदल तुमच्यातच आहे.

लघुपटाला दुसरं बक्षीस मिळालं. मी तीन परीक्षकांपैकी एक होतो.

कार्यक्रम आटोपल्यावर दिग्दर्शक पोराला बाजूला घेऊन विचारलं, त्या बाया कुठं गेल्या? तो म्हणाला, "सर, मागच्या दोन स्पर्धांत पहिला कट पाठवला. दोन्हीकडं विचारलं, पिक्चर चांगलाय, पण यातून संदेश काय?" गुणपत्रिकेत 'विषय व सामाजिक संदेश' असा स्वतंत्र रकाना असतो हे त्याला पाठ झालं होतं. तो रकाना माझ्याही हातातल्या कागदावर होता आणि त्यात मीही गुण भरले होते. मला दोन्ही शेवट माहीत होते, तरी भरले. म्हणून हे लिहिणं मला टाळता येत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. लघुपट स्पर्धांच्या गुणपत्रिकेतून संदेशाचा रकाना काढून टाकावा. तो तिथं चांगल्या हेतूनं आला हे मान्य आहे. व्यसनमुक्ती, मतदान, मुलींचं शिक्षण अशा विषयांवर सप्ताह व्हायचे, त्यांना लागून स्पर्धा व्हायच्या, तिथं संदेश हवाच होता. पण तिथला रकाना सगळीकडं पसरला. आता कॉलेजच्या महोत्सवात, मंडळाच्या गणपतीत, संस्थेच्या वर्धापनदिनी, कुठंही लघुपट पाठवा, शेवटी काहीतरी शिकवावंच लागतं. आणि हताशेच्या विषयात हे शिकवणं नुसतं कंटाळवाणं होऊन थांबत नाही, ते खोटं ठरतं.

खोटं का, ते सांगतो. माग का गेले? सुताचा दर रोज हलतो, मजुरी हलत नाही, विजेचं बिल वाढतं, नव्या शटललेस, म्हणजे धोट्याशिवाय चालणाऱ्या, मागांपुढं साधा माग टिकत नाही. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला. तेव्हापासून एक अख्खं शहर या धंद्यावर उभं राहिलं आणि याच धंद्याच्या चढउतारात घरंच्या घरं खाली आली. लघुपटातल्या माणसाची हताशा या सगळ्यातून आलेली आहे. पहिली बारा मिनिटं पोरांनी ते नेमकं दाखवलंय. पण शेवटी मुंगी बघून तो बदलला, की मागची बारा मिनिटं पुसली जातात. ज्या दुखण्याचा उपाय माणसाच्या मनात, त्याचं कारणही त्याच्याच मनात होतं असं आपोआप ठरतं. म्हणजे इतके दिवस तो शेडमध्ये पडून होता तो स्वतःच्या दुबळेपणामुळं. पडद्यावर हे कुणी बोलून दाखवत नाही, पण बघणारा तेच घेऊन घरी जातो. आणि बघणाऱ्यांत तसाच एखादा माणूस बसला असेल, ज्याला अजून मुंगी दिसलेली नाही, तर तो काय घेऊन जातो?

असा माणूस बसलेला असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशात 1,70,924 आत्महत्यांची नोंद आहे. त्यांत चौघांमागे एकाहून जास्त माणसं रोजंदारीवर काम करणारी होती. राज्यांमध्ये सर्वाधिक नोंद महाराष्ट्राची, 22,746. या माणसांना जिद्द कमी होती असं म्हणायची माझी तरी छाती होत नाही. रोज पहाटे उठून नाक्यावर उभं राहणाऱ्याला जिद्दीचे धडे कुणी द्यायचे?

लघुपटातल्या त्या हप्त्याचंच बघा. रिझर्व्ह बँकेनं 2022 मध्ये मायक्रोफायनान्ससाठी नियम केला की घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. नियम चांगला आहे. पण कर्ज देताना मोजलेलं उत्पन्न माग चालू असतानाचं असतं. माग भंगारात गेले की निम्मं कशाचं काढायचं? चार बाया दारात येतात ती गोष्ट या फटीतून येते. ती काढून मुंगी घातली की बँक, नियम, वीज, सूत सगळंच पडद्याबाहेर जातं आणि उरतो एक माणूस आणि त्याचा आरसा.

कोल्हापुरात हे घडावं याचं मला जास्त दुःख आहे. खरी कॉर्नरच्या कॅमेऱ्याच्या मानस्तंभाला आपण दरवर्षी हार घालतो. ज्यांच्या स्मरणार्थ घालतो त्या बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी याच विषयावर काय केलं होतं? 1925 साली त्यांनी 'सावकारी पाश' काढला. पौराणिक चित्रपटांवर त्यांचं नाव झालं होतं. 'सैरंध्री' पाहून लोकमान्यांनी त्यांना 'सिनेमा केसरी' म्हटलं होतं. तोच मार्ग सोपा होता. पण त्यांनी नारायण हरी आपट्यांची गोष्ट घेतली, कर्जात जमीन गमावलेल्या शेतकऱ्याची. तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. हा शेतकरी शेवटी शहरात जाऊन गिरणी कामगार होतो. माणूस बदलतो, पुरता बदलतो, पण त्या बदलाची किंमत काय आणि ती कुणी वसूल केली, हे नावातच लिहून ठेवलंय. तो सावकाराच्या पाशात अडकला होता आणि बाबूरावांनी दोष त्याच्या मनावर ढकलला नाही.

तो चित्रपट तेव्हाच्या प्रेक्षकांनी उचलून धरला नाही. लोकांना देवादिकांच्या गोष्टी हव्या होत्या. आज त्याची मूळ प्रत उरलेली नाही, वर्णनं उरलीत. त्यात सगळे सांगतात ते एक दृश्य म्हणजे अंधारातली झोपडी आणि रडणारं कुत्रं. मूकपट होता. ऐकू न येणारं ते रडणं लोक अजून सांगतात. संदेशाची पाटी कुणाच्या लक्षात राहिली असती असं मला वाटत नाही. आणि बाबूरावांचा स्टुडिओ तरी कुठल्या पैशावर उभा राहिला? गायिका तानीबाई कागलकरांनी भांडवल दिलं, कॅमेरा बाबूरावांनी स्वतः बनवला. आज पदरमोड करून लघुपट करणाऱ्या पोरांचे खरे पूर्वज हे आहेत. त्यांना आपण वारसा सांगतो बाबूरावांचा आणि गुण देतो मुंगीला.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो मी हलक्यानं घेत नाही. एका ज्येष्ठ सहपरीक्षक बाईंनी तो मला तोंडावर सांगितला. त्या आयुष्यभर शाळेत शिकवत आल्या आहेत. त्या म्हणाल्या, "पोरं बघतात हो हे. निकाल लागला की आम्हाला रात्र-रात्र झोप नसते. त्यांना अंधारात सोडून द्यायचं का? आशा नको का द्यायला?" त्यांच्या या बोलण्यामागं गमावलेली मुलं आहेत हे मला माहीत होतं.

आशा हवीच. त्यावर अभ्यासही झालेला आहे. ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की संकटातून वाट काढलेल्या माणसांच्या बातम्या छापून आल्या तर त्यानंतर आत्महत्या कमी होण्याशी त्याचा संबंध लागतो. त्याला त्यांनी पापागेनो परिणाम असं नाव दिलं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये चित्रपट आणि नाटक करणाऱ्यांसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली, तिचाही रोख हाच आहे: मार्ग आणि साधनं दाखवू नका, सावरण्याची वाट दाखवा. पण हा पापागेनो कोण? मोत्सार्टच्या एका ऑपेरातला, म्हणजे संगीत नाटकातला, पक्षी पकडणारा. प्रेयसी हरवली म्हणून जीव द्यायला निघतो. त्याला वाचवायला काय येतं? तीन पोरं येतात. ती त्याला त्याच्याजवळच्याच जादूच्या घंटांची आठवण करून देतात, वाजव म्हणतात. घंटा त्याच्याजवळ होत्या हे खरं, पण आठवण करून द्यायला कुणीतरी यावं लागलं. पापागेनो एकटा सावरला नाही.

म्हणून बाईंना मी म्हटलं, तुम्हाला हवी ती आशा पहिल्या शेवटात आहे. चार बाया दारात येतात ना, ती आशा. मुंगीवाल्या शेवटात कुणीच येत नाही. तिथं माणूस पहिल्या दृश्याइतकाच एकटा आहे, फक्त दाढी केलेली आहे.

बाई बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "पण परीक्षेत हे पोरांना कळणार कसं?" त्यांच्या तोंडून 'परीक्षा' हाच शब्द आला. तिथं आमचं एकमत झालं नाही.

कायदा या बाबतीत आपल्या गुणपत्रिकेच्या पुढं आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं 115 वं कलम म्हणतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस, उलट सिद्ध होईपर्यंत, तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही. त्याच्यावर उपचार करणं, त्याचं पुनर्वसन करणं, पुन्हा अशी वेळ येऊ नये हे पाहणं, हे सरकारचं कर्तव्य. ताण बाहेरून येतो आणि मदतीची जबाबदारी बाहेरच्यांवर असते, हे संसदेनं मान्य केलं. 2022 पासून 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा चोवीस तासांचा नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. एखाद्या लघुपटाच्या शेवटी हा नंबर आला तर मी त्याला संदेश म्हणणार नाही. तो दारात येणाऱ्या माणसाचा पत्ता आहे. 'बदल तुमच्यातच आहे' या ओळीत मात्र दार लावून घेतलेलं आहे.

लघुपटाचा आकारही आपण नीट समजून घेत नाही. ऑस्करच्या नियमात चाळीस मिनिटांपर्यंतचा चित्रपट लघुपट धरतात. आपल्याकडची पोरं बहुतेक पंधरा-वीस मिनिटांत गोष्ट सांगतात. एवढ्या वेळात माणूस पुरता बदललेला दाखवायचा म्हणजे उडी मारावी लागते आणि उडी मारली की मधलं खरं गळून पडतं. उलट लघुपटाचं बळ असं की तो बदलाचं पहिलं पाऊल तेवढं पकडू शकतो. वाटीत ओतलेला चहा हे तसं पाऊल आहे. दडून बसलेला माणूस माणसांत येऊन बसला. उद्या काम मिळेल की नाही, ठाऊक नाही. पण आज तो बसला. परिवर्तन हा शब्द मला एवढ्याच मापात खरा वाटतो, आणि हे माप अठरा मिनिटांत बसतं.

स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये फिल्म्स डिव्हिजन स्थापन झालं. त्यांचे माहितीपट थिएटरात मुख्य चित्रपटाआधी दाखवणं सक्तीचं होतं. त्यांतले काही फार उत्तम होते. पण माझ्या पिढीला आठवतं ते हे की लोक त्या वेळात बाहेर शेंगा घेत उभे राहायचे. शिकवणार आहेत असं कळलं की प्रेक्षक मनातून उठून जातो. पोरांच्या स्वतंत्र लघुपटांना आपण तीच गत देतो आहोत, आणि तीही बक्षीस देऊन.

मग परीक्षकांनी बघायचं काय? माझ्यापुरतं मी ठरवलंय. माणूस बदलला तर तो कशामुळं बदलला हे मला पडद्यावर दिसलं का? बदलायच्या आधी त्याला ज्यानं दाबलं होतं, ते शेवटपर्यंत गोष्टीत राहिलं का? आणि आजूबाजूच्यांतलं कुणी बदललं का, की सगळं ओझं एकट्या नायकावर? पहिल्या शेवटात खरं तर चार बायाही बदलतात. त्या दारापर्यंत आल्या होत्या वसुलीच्याच वाटेनं.

कोल्हापुरात यासाठी लागणारं सगळं आहे. चित्रपट महामंडळ इथलं, मोरेवाडीला चित्रनगरी, दसरा चौकात शाहू स्मारक, फिल्म सोसायटीची चळवळ. ऑगस्ट 2024 मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा अख्खं शहर रडलं. या शहराला पडद्याचं आणि रंगमंचाचं मोल कुणी सांगावं लागत नाही. कमी आहे ती एका सवयीची: बक्षिसाशिवाय लघुपट दाखवायची आणि दाखवून झाल्यावर बसून बोलायची. महिन्यातून एक संध्याकाळ पुरे, आणि तीही दर वेळी शहरातच कशाला? यंत्रमागावरचा लघुपट इचलकरंजीत दाखवावा, पुरावरचा शिरोळला, फाउंड्रीतल्या कामगाराचा शिरोलीत. ज्यांची गोष्ट आहे त्यांच्यासमोर खोटा शेवट दाखवायला दिग्दर्शकाला आपोआप जड जातं. ते काम कुठल्याही परीक्षकापेक्षा तो प्रेक्षक चांगलं करतो.

पोरांनी ते करून बघितलं. गेल्या महिन्यात त्यांनी पहिला कट इचलकरंजीत दाखवला, एका यंत्रमाग शेडच्या गच्चीवर, दोन बांबूंना पांढरं कापड बांधून. कापडही तिथलंच. चाळीसेक माणसं होती, निम्म्या बाया. खालच्या शेडचे माग रात्रपाळीला चालू होते, तासाभरासाठी बंद केले. घणाचा आवाज सुरू झाला तसं पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

संपल्यावर टाळ्या वाजल्या नाहीत. कुणी उठलंही नाही. मग मागून एका बाईनं विचारलं, "ह्या आठवड्याचं भागलं. फुडच्या आठवड्याचा हप्ता कुनी भरला?"

दिग्दर्शक पोराला उत्तर देता येईना. दुसरी बाई म्हणाली, आमच्या गटात असं झालं होतं तेव्हा आम्ही काय केलं ते सांगते, आणि ती सांगायला लागली. खालचे माग त्या रात्री उशिरापर्यंत सुरू झाले नाहीत.